चलनात कधीच न आलेल्या सोन्याच्या नाण्याला एवढी किंमत का? एका ‘स्टेला’च्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सहा-सात वर्षं तुम्ही सोन्याची नाणी जमवता आहात, बहुतेक सॉव्हरिन (ब्रिटनचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं) आणि वीस फ्रँकची. एका लिलावाच्या यादीत तुम्हाला १८७९ सालचं अमेरिकेचं चार डॉलरचं नाणं, म्हणजे ‘स्टेला’, दिसलं. वर्णनात ‘प्रूफ, पूर्वी दागिन्यात वापरलेलं, कडेची दुरुस्ती’ असं लिहिलंय (प्रूफ म्हणजे आरशासारखी चकाकी देऊन खास पाडलेलं). सोनं जेमतेम सहा ग्रॅम आणि अंदाजित किंमत तुमच्या सगळ्या संग्रहाहून जास्त. जे एक दिवसही चलनात नव्हतं त्याला नाणं तरी का म्हणायचं, लोक त्यासाठी एवढे पैसे का मोजतात आणि आपण या वाटेला जावं की नाही, असं तुम्ही विचारलंत.

गेली बावीस वर्षं मी लिलावांसाठी नाणी तपासून त्यांची वर्णनं लिहितो. त्यातली निम्मी तरी वर्षं नमुना नाण्यांबरोबर गेली, म्हणजे नवं नाणं मंजूर होण्याआधी दाखवायला किंवा तपासायला पाडलेल्या नाण्यांबरोबर. म्हणून उत्तर लांबेल, पण घाईने दिलेलं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

सोन्याची नाणी जमवणाऱ्याच्या मनात एक हिशोब पक्का बसलेला असतो. वजन बघायचं, कस बघायचा, आणि वर दुर्मिळतेचं थोडं जास्त द्यायचं. सॉव्हरिनला हा हिशोब चालतो, नमुना नाण्याला तो लागूच पडत नाही. आठव्या एडवर्डचं सॉव्हरिन घ्या. वजन ७.९८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या डबीतल्या कुठल्याही सॉव्हरिनइतकंच. एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये राजपद सोडलं, तेव्हा त्याच्या नावाच्या नाण्यांची तयारी चालू होती आणि १९३७ साल घातलेले मोजके नमुने पाडून झाले होते. त्यातलं एक सॉव्हरिन २०२० मध्ये एका खासगी संग्राहकाने दहा लाख पौंडांना घेतलं. सोनं तेवढंच असताना बाकीची किंमत आली कुठून?

त्या नाण्यावर राजाचं तोंड डावीकडे आहे. दुसऱ्या चार्ल्सपासून इंग्लंडचा रिवाज असा, की नव्या राजाचं तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला असावं. पाचव्या जॉर्जचं डावीकडे होतं, म्हणजे एडवर्डचं उजवीकडे हवं होतं. पण आपली डावी बाजूच चांगली दिसते असा त्याचा आग्रह होता आणि शिल्पकार टी. एच. पॅजेट यांनी चित्र तसंच घडवलं. पुढे सहावा जॉर्ज आला तेव्हा टाकसाळीने त्याचं तोंड पुन्हा डावीकडेच ठेवलं, जणू मधला राजा रिवाजाप्रमाणे उजवीकडेच बघत होता. राजाचा हट्ट, टाकसाळीने केलेली तडजोड आणि नंतर तो हट्ट अलगद पुसून टाकण्याची रीत, हे सगळं त्या आठ ग्रॅममध्ये आहे. चलनातलं नाणं म्हणजे झालेला निर्णय. नमुना नाणं म्हणजे निर्णय होण्याआधीची चर्चा, धातूत उमटलेली. संग्राहक पैसे त्या चर्चेचे देतो. माझं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती फिरणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवा.

आता तुमच्या स्टेलाकडे येऊ. १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून लॅटिन चलनसंघ केला. वीस फ्रँकचं सोन्याचं नाणं या देशांत एकाच वजनाचं, एकाच कसाचं. ऑस्ट्रियाने आठ फ्लोरिनचं नाणंही त्याच मापाचं काढलं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅसन हे ऑस्ट्रिया-हंगेरीत अमेरिकेचे राजदूत होते. अमेरिकेनेही या नाण्यांच्या जोडीला बसेल असं नाणं काढावं, असं त्यांनी सुचवलं. नाणी, वजनं आणि मापं यांच्या संसदीय समितीचे अध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी ते उचलून धरलं. डब्ल्यू. डब्ल्यू. हबेल यांच्याकडे मेट्रिक वजनाच्या मिश्रधातूची कल्पना तयारच होती. त्यातून चार डॉलरचा नमुना निघाला. गरुडावरून दहा डॉलरच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणत, तसं याच्या मागच्या बाजूला पाच टोकांचा तारा आला आणि नाव पडलं स्टेला.

पुढच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीच्या डोक्याभोवती अक्षरं गोल फिरतात, मध्ये मध्ये तारे घालून. भिंगाखाली ती वाचा: ६ ग्रॅम सोनं, ०.३ चांदी, ०.७ तांबं, एकूण ७ ग्रॅम. नाण्याने स्वतःची पाककृती स्वतःच्या चेहऱ्याभोवती लिहून ठेवलेली आहे. समितीतल्या माणसाने ते हातात घेतलं की त्याला वेगळं समजावून सांगायला नको, अशी ती योजना.

आणि ही योजना कुठे अडली तेही तुमच्या डबीतल्या नाण्यांवरून कळतं. वीस फ्रँकच्या नाण्याचं वजन ६.४५ ग्रॅम, कस हजारात नऊशे, म्हणजे शुद्ध सोनं ५.८१ ग्रॅम. स्टेलात ६ ग्रॅम. फरक तीन टक्क्यांहून जास्त. डॉलरच्या भावाने वीस फ्रँक म्हणजे ३ डॉलर ८६ सेंट, चार डॉलर नव्हेत. प्रवाशाला सुट्टे पैसे मोजत बसावंच लागणार होतं. ज्या अडचणीसाठी नाणं काढायचं, ती अडचण त्याने सुटत नव्हती. संसदेने ते मंजूर केलं नाही. मला हे नाणं आवडतं ते याचसाठी. एक मोठा, मनापासून केलेला विचार आणि त्यातली ०.१९ ग्रॅमची चूक, दोन्ही तुम्ही तळहातावर घेऊन मोजू शकता.

याची चार रूपं आहेत. मोकळ्या केसांची देवी चार्ल्स बार्बर यांची, वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली देवी जॉर्ज मॉर्गन यांची. दोन्ही १८७९ आणि १८८० या दोन्ही सालांची. यातलं १८७९ चं मोकळ्या केसांचं त्यातल्या त्यात मिळण्यासारखं. सव्वाचारशेच्या आसपास पाडली गेली असं मानतात. पहिल्या थोड्या प्रती झाल्यावर संसद सदस्यांकडून मागणी वाढली आणि त्याच सालाचा ठसा वापरून आणखी पाडली. बाकीची तिन्ही रूपं फार थोडी. १८८० चं गुंडाळलेल्या केसांचं एक नाणं २०१३ मध्ये २५ लाख ७४ हजार डॉलरला गेलं.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. सव्वाचारशे ही संख्या तशी कमी नाही. अमेरिकेच्या नमुना नाण्यांत असे शेकडो प्रकार आहेत, ज्यांच्या दहाही प्रती माहीत नाहीत आणि तरी ती स्टेलाच्या किमतीच्या जवळपास फिरकत नाहीत. खुद्द स्टेलाच्या तांब्यातल्या, ॲल्युमिनियममधल्या प्रती सोन्यातल्यांपेक्षा कितीतरी कमी आहेत आणि किंमतही बरीच कमी. म्हणजे ‘दुर्मिळ म्हणून महाग’ हे उत्तर पुरत नाही.

माझ्या अनुभवात किंमत ठरते ती नाणं कुठल्या पानावर छापलंय त्यावरून. अमेरिकेच्या नेहमीच्या नाण्यांच्या किंमतवहीत स्टेला पिढ्यान्‌पिढ्या तीन डॉलर आणि पाच डॉलरच्या मधल्या जागेत बसलेलं आहे. अमेरिकेच्या सोन्याच्या प्रत्येक मूल्याचं एकेक नाणं गोळा करणाऱ्याला ते रिकामं खोबण दिसत राहतं. त्याला नमुना नाण्यांत रस नसला तरी खोबण भरायचं असतं. १८५६ चा उडत्या गरुडाचा सेंट हाही खरं तर नमुनाच, पण तो नेहमीच्या सेंटांच्या रांगेत लावला जातो आणि म्हणून त्याला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. याउलट जे नाणं नमुना नाण्यांच्या खास यादीत जड क्रमांकाखाली बसलंय, त्याला गिऱ्हाईक म्हणजे ती यादी वाचणारी थोडी माणसं. (जे. ह्युइट जड हे नमुना नाण्यांची सूची करणारे संग्राहक. त्यांचा क्रमांक सांगितला की ठसा आणि धातू दोन्ही कळतात. तुमचं नाणं मोकळ्या केसांचं आणि सोन्यातलं असेल तर त्याचा क्रमांक १६३५.) घेताना कोण विकतंय एवढंच आपण बघतो. पुढे कोण घेईल हेही बघा.

नमुना म्हणून विकली जाणारी सगळी नाणी एकाच हेतूने पाडलेली नसतात, आणि यात नवशिका हमखास फसतो. काही खरोखर मंजुरीसाठी केलेली: हे चित्र, हे वजन, हा धातू, बघा पसंत पडतंय का. काही कारागिराने ठसा तपासायला तांब्यात किंवा मऊ धातूत पाडलेली. काही प्रयोग धातूचे. हबेल यांचाच ‘गोलॉइड’ घ्या, चांदीत थोडं सोनं मिसळलेला मिश्रधातू. तो दिसायला चांदीसारखाच, सोनं आहे की नाही हे डोळ्यांनी कळायचं नाही, आणि त्या एका कारणाने तो बादच व्हायला हवा होता. आणि काही नाणी अशी, की ज्यांचा कसलाच प्रयोग नव्हता. संग्राहक पैसे देतो म्हणून टाकसाळीतल्या माणसांनी मुद्दाम पाडून दिलेली, कधी जुने ठसे काढून, कधी एका नाण्याची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूशी जुळवून. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत असं बरंच झालं. अशी नाणीही अस्सलच असतात, टाकसाळीचीच असतात. पण त्यांच्यामागे चर्चा नव्हती, गिऱ्हाईक होतं. मी वर्णन लिहिताना हे सांगतो आणि माझ्या मते खरेदीदाराने ते आधी विचारलं पाहिजे: हे कोणाला दाखवायला पाडलं होतं?

तुमच्या स्टेलाबाबत प्रामाणिक उत्तर दोन्हीकडचं आहे. पहिल्या थोड्या प्रती खऱ्या प्रस्तावाच्या, नंतरच्या शेकडो प्रती सदस्यांनी पैसे भरून घेतलेल्या. एखादी कुठल्या घाण्यातली हे सुट्या नाण्यावरून ठामपणे सांगणं अवघड असतं. कोणी छातीठोकपणे ‘ही पहिल्या थोड्यांतली’ म्हणालं तर पुरावा मागा.

आता हात आणि डोळे कसे वापरायचे ते सांगतो, कारण या भागात मी स्वतः चुकलोय. पहिल्यांदा स्टेला माझ्या टेबलावर आलं तेव्हा देवीच्या चेहऱ्यावर आणि केसांवर, नाण्याच्या अगदी मध्यभागी, बारीक समांतर रेघा दिसल्या. कोणीतरी घासून साफ केलंय असं समजून मी तशी नोंद केली. माझ्याहून अनुभवी सहकाऱ्याने ते नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि मला विचारलं, की रेघा मोकळ्या जागेत उतरतायत का? उतरत नव्हत्या. १८७९ च्या मोकळ्या केसांच्या बहुतेक नाण्यांवर या रेघा असतात. कोरी चकती लाटून पातळ करताना तिच्या अंगावर रेघा उमटतात. ठसा आदळला की सपाट भागातल्या रेघा दाबून नाहीशा होतात. पण नाण्याचा जो भाग सगळ्यात उंच, तो ठशात सगळ्यात खोल असतो, आणि तिथे धातू तळापर्यंत पोचला नाही तर चकतीची मूळ रेघ तशीच राहते. म्हणून जन्माची रेघ उंच भागावरच थांबते, नंतरचा ओरखडा मात्र उंच-सखल न बघता सरळ पुढे जातो. ती नोंद मला पूर्ण खोडून लिहावी लागली आणि नाण्याच्या अंदाजात मोठा फरक पडला. तेव्हापासून घासलं, पुसलं, रेघा आहेत असले शब्द लिहिण्याआधी मी नाणं चारही बाजूंनी तिरक्या उजेडात फिरवतो.

दागिन्याचा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर. स्टेलाची नाणी बरीच लटकनं म्हणून गळ्यात गेली. साखळीसाठी वरच्या कडेला कडी झाळली जाई. नंतर कोणी कडी काढतो, झाळ घासतो, कडेवरचे दाते पुन्हा कोरतो. हे काम चांगलं झालेलं असलं तरी तीन जागी सापडतं. एक, बाराच्या जागी (घड्याळात बारा असतात तिथे, वरच्या टोकाला) कडेच्या दात्यांमधलं अंतर बाकीच्यापेक्षा कमी-जास्त होतं. दोन, झाळीच्या धातूचा रंग किंचित फिका किंवा लालसर असतो. तीन, आच लागल्याने तिथल्या आरशासारख्या चकाकीवर धूसर पट्टा येतो. याने नाणं खोटं ठरत नाही. पण किमतीत फार मोठा फरक पडतो, आणि पुढे विकायला निघालात की तो फरक जसाच्या तसा तुमच्या वाट्याला येतो. ‘दुरुस्ती अगदी किरकोळ आहे’ हे वाक्य घेताना ऐकू येतं, विकताना कोणी म्हणत नाही.

खरं-खोटं पारखायला घरचा एक उपाय आहे, नाणं प्रमाणन संस्थेच्या बंद डबीत नसेल तर. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचं नाही, अंगावर बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काट्यावर जो आकडा येईल ते नाण्याचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा. अस्सल स्टेलाचं कोरडं वजन ७ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.४२ च्या आसपास, भागाकार साधारण १७. तांब्यावर मुलामा दिलेलं तेवढ्याच आकाराचं नाणं चार ग्रॅमच्या आत भरतं आणि भागाकार ९ च्या जवळ येतो. हा मुद्दा नमुना नाण्यांत जास्त महत्त्वाचा, कारण टाकसाळीतच तांब्याच्या कित्येक नमुन्यांना सोन्याचा मुलामा दिला गेला होता, सोन्यात कसं दिसेल हे दाखवायला. ती टाकसाळीची अस्सल नमुना नाणी आहेत, फक्त सोन्याची नाहीत. एका कुटुंबाकडून आलेलं असंच एक नाणं मी पाहिलंय. तीन पिढ्या ते सोन्याचं म्हणून जपलं होतं. मुलामा असल्याचं सांगताना मला जड गेलं, पण तांब्यातला तो नमुनाच मुळात इतका कमी मिळणारा होता की शेवटी त्यांना समाधान वाटेल अशी किंमत आली.

या उपायाची मर्यादाही सांगतो. इतक्या लहान नाण्यात काट्याची एका शतांशाची चूक भागाकार चार दशांशाने हलवते. तांबं आणि सोनं त्यातून सहज वेगळं कळतं, पण स्टेलाचा ८५७ चा कस आणि ९०० चा कस यांतला फरक कळत नाही. शिवाय खऱ्या सोन्यात पाडलेली नक्कल या परीक्षेत पास होते. बाजारात हजारो नकला आहेत, काहींवर ‘कॉपी’ असा शिक्का असतो, काहींवरचा तो घासून टाकलेला असतो. त्यामुळे स्टेलासारखं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या प्रमाणन संस्थांच्या डबीशिवाय विकत घेऊ नका. डबीवरचा क्रमांक त्यांच्या नोंदीत शोधा आणि तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून बघा. मध्यभागातल्या रेघा इथे उपयोगी पडतात. प्रत्येक नाण्यावर त्या थोड्या वेगळ्या बसलेल्या असतात, हाताच्या रेषांसारख्या.

मालकीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं. १८७७ मध्ये विल्यम बार्बर यांच्या ठशांनी पन्नास डॉलरचे दोन नमुने सोन्यात पाडले गेले, ‘हाफ युनियन’. चलनात आलं असतं तर प्रत्येकी सुमारे ८३ ग्रॅमचं नाणं! १९०९ च्या सुमारास विल्यम वुडिन नावाच्या संग्राहकाने ती दोन्ही मिळून वीस हजार डॉलरला घेतली. एवढा गवगवा झाला, की ही नाणी सरकारची आहेत असं म्हणत ती परत घेतली गेली आणि बदल्यात वुडिन यांना टाकसाळीतल्या इतर नमुना नाण्यांचा मोठा साठा मिळाला. हाफ युनियनची जोडी आज स्मिथसोनियनमध्ये आहे. वुडिन यांनी मिळालेल्या साठ्याचा नीट अभ्यास केला, आणि अमेरिकी नमुना नाण्यांच्या सुरुवातीच्या सूचींमधली एक त्यातूनच तयार झाली. पुढे १९३३ मध्ये तेच अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी ५ एप्रिलला लोकांकडचं सोनं सरकारजमा करण्याचा आदेश निघाला, आणि त्यात दुर्मिळ नाणी जमवणाऱ्यांसाठी विशेष मूल्य असलेली नाणी वगळली होती. ती सवलत नसती तर किती नमुने मुशीत गेले असते, हा विचार मी प्रत्येक सोन्याचा नमुना हातात घेताना करतो.

स्टेलाच्या मालकीवर आज कोणी बोट ठेवत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे विकली जातात. पण विसाव्या शतकातले नमुने जपून. १९७४ चा ॲल्युमिनियमचा एक सेंट २०१४ मध्ये विक्रीला निघाला, टाकसाळीने तो आपला असल्याचा दावा केला आणि २०१६ मध्ये तो परत करावा लागला. नमुना जितका अलीकडचा, तितकं ‘हा टाकसाळीच्या दारातून बाहेर कसा आला’ हे विचारणं गरजेचं.

आता तुम्ही घ्यावं का? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि तिन्ही तुमच्या हातात आहेत, माझ्या नाहीत. हे पैसे दहा वर्षं अडकले तर चालेल का. तुम्हाला खोबण भरायचंय की गोष्ट हवीय. आणि दुरुस्त केलेलं नाणं रोज बघताना ती दुरुस्ती डोळ्यात सलेल का. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सलणारं नाणं माणूस दोन वर्षांत विकतो, आणि तेही तोट्यात. तुम्ही सगळा संग्रह मोडून हे एक नाणं घ्यायचा विचार करत असाल, तर माझं मत नको असंच आहे.

त्यापेक्षा तुमच्या आहे त्या संग्रहातूनच या विषयात शिरता येतं, आणि ते बहुतेकांना सुचत नाही. प्रयोग महाग असतो, पण प्रयोगाच्या आजूबाजूची नाणी महाग नसतात. वीस फ्रँकचं नाणं तुमच्याकडे आहेच. शेजारी ऑस्ट्रियाचं आठ फ्लोरिनचं ठेवा, त्यावर मूल्य फ्लोरिन आणि फ्रँक दोन्हींत लिहिलेलं असतं. सोबत त्या काळातलं अमेरिकेचं पाच डॉलरचं साधं नाणं ठेवा. तिघांची वजनं एका कागदावर लिहा. स्टेला ज्या जागेत बसणार होतं ती रिकामी जागा तुम्हाला समोर दिसेल, आणि किंमत सोन्याच्या भावापासून फार लांब जाणार नाही.

दुसरी जोडी मला याहून आवडते. १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांना अमेरिकेची नाणी कुरूप वाटू लागली आणि त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांना नव्या नाण्यांचं काम दिलं. प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा खोल उठाव दोघांनाही हवा होता. १९०७ च्या सुरुवातीला वीस डॉलरचे जे नमुने पाडले, त्यांचा उठाव इतका होता की एका नाण्याला पुन्हा पुन्हा दाब द्यावा लागे आणि मध्ये दर वेळी चकती तापवून मऊ करावी लागे. असे वीसेक नमुने आज माहीत आहेत. त्यातला एक २००५ मध्ये २९ लाख ९० हजार डॉलरला गेला. एकदा हातात घेतला होता तेव्हा देवीचा पुढे टाकलेला पाय बोटाला जाणवला होता, आणि नाणं नव्हे तर लहानसं शिल्प धरलंय असं वाटलं होतं. पण अशी नाणी बँकेत एकावर एक रचता येत नाहीत आणि यंत्राच्या वेगाने पाडता येत नाहीत. सेंट-गॉडेन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. उठाव कमी करून बाराएक हजार नाणी तीन-तीन दाबांनी पाडली गेली, आणि मग चार्ल्स बार्बर यांनी तो आणखी खाली आणला. रोमन आकड्यातलं सालही गेलं. त्या शेवटच्या, सपाट रूपातलं १९०८ किंवा १९२४ चं साधं वीस डॉलरचं नाणं सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतं. ते घ्या, तिरक्या उजेडात धरा आणि देवीचा गुडघा बघा. मूळ कल्पनेतलं किती शिल्लक राहिलं आणि किती हरवलं ते त्या गुडघ्यावर वाचता येतं.

आणि तरीही नमुनाच हवा असेल, तर सोन्याचा हट्ट सोडून तांब्यातला किंवा ॲल्युमिनियममधला घ्या. ठसा तोच, कारागीर तोच, चर्चा तीच. कित्येकांच्या डझनभरही प्रती नाहीत आणि काही हजार डॉलरमध्ये अजूनही अनेक चांगले नमुने मिळतात. १८७२ चा ‘ॲमेझोनियन’ संच सोन्यात जगात एकच आहे, सहा नाण्यांचा. विल्यम बार्बर यांच्या त्याच मालिकेतली नाणी तांब्यात आणि ॲल्युमिनियममध्येही पाडली होती, आणि ती अधूनमधून लिलावात येतात. माझ्या स्वतःच्या संग्रहात सोन्याचा एकही नमुना नाही. तांब्याचे चार आहेत, आणि प्रत्येकाचा प्रस्ताव कोणी मांडला, कोणी पाडला, हे मी पाठ सांगू शकतो.

तुम्हाला दिसलेल्या त्या नाण्याबद्दल निर्णय घेण्याआधी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवा: बाराच्या जागेचा कडेचा जवळून घेतलेला फोटो, तिरक्या उजेडातला पुढच्या बाजूचा फोटो, आणि डबीवरचा क्रमांक. पहिल्या फोटोत दात्यांमधलं अंतर एकसारखं दिसलं, तर ‘कडेची दुरुस्ती’ नेमकी कुठे झाली हे त्यांना लेखी विचारा. उत्तर आलं की मला कळवा, फोटो बघून पुढचं सांगतो.